बेसबॉलची बॅग घेताय? आधी बॅट, हेल्मेट आणि पोराला घेऊन दुकानात जा

आमच्या तळघरात बेसबॉलच्या दोन बॅगा धूळ खात पडल्या आहेत आणि तिसरी गॅरेजमध्ये खुंटीला आहे. सहा वर्षांत तीन बॅगा. पहिली इतकी लहान की तिच्यात हेल्मेट मावेना. दुसरी इतकी मोठी की लपाछपी खेळताना धाकटी एकदा तिच्यात जाऊन बसली होती. तिसरी घेताना मुलाला सोबत नेलं, त्याची बॅट आणि हेल्मेटही नेलं. ती बॅग आता तिसऱ्या सीझनला चालू आहे.

इथे न्यू जर्सीत ओळखीच्या मराठी घरांतली बरीच मुलं आता लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये, जातात. दर फेब्रुवारीत मला दोन-तीन तरी मेसेज येतात, "अगं, बॅग कुठली घेऊ?" प्रत्येकीला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पाच ते बारा वर्षांचं मूल, पहिला किंवा दुसरा सीझन, आणि आईबाबांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं धरून लिहिते आहे. आमचंही तेच होतं.

आधी घरातली जुनी किटबॅग विसरा

हे पहिल्यांदा सांगते, कारण मराठी घरात हा मोह ठरलेला. आमचे हे दादरचे. शाळेत असताना खांद्यावर क्रिकेटचं किट टाकून गर्दीच्या लोकलमध्ये चढल्याच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. मुलाचं नाव लीगमध्ये घातलं तेव्हा म्हणाले, "बॅग कशाला विकत आणायची? माझी आहे की!" ती चार फुटी निळी बॅग पहिल्या सरावाला गेली. क्रिकेटची बॅट ३८ इंचांपर्यंत लांब असू शकते आणि आमच्या पोराची बेसबॉल बॅट होती २६ इंचांची. ती तळाशी कुठेतरी जाऊन बसली. ती शोधायला तो कमरेपर्यंत बॅगेत वाकला आणि कोच हसू दाबत बाजूला उभे राहिले.

लांबीपेक्षाही मोठी अडचण मला पुढे दोन-तीन मॅच बघितल्यावर समजली. क्रिकेटमध्ये किट एकदा उघडतं. पॅड बांधले, बॅट घेतली, की बॅग तंबूत पडून राहते. बेसबॉलमध्ये तीन आउट झाले की बाजू बदलते, आणि लिटल लीगच्या लहान गटांची मॅच ६ इनिंगची असते. म्हणजे पोरगं ग्लव्ह काढून हेल्मेट घालतंय, हेल्मेट काढून टोपी घालतंय, परत ग्लव्ह शोधतंय, हे दीड-दोन तासांत दहा-बारा वेळा. कोच ओरडत असतात, "चला, मैदानात चला!" अशा वेळी सात वर्षांच्या मुलाला आपली वस्तू एका हाताने, न बघता सापडली पाहिजे. सामान किती मावतं हे नंतर बघा. ते किती पटकन निघतं आणि परत जागेवर जातं, यावर बॅग निवडा. खाली जे काही लिहिलंय ते याच हिशेबाने.

पायरी १: सामान जमिनीवर मांडा आणि काट्यावर ठेवा

दुकानात किंवा ॲपवर जायच्या आधी हे घरी करा. बॅट, हेल्मेट, ग्लव्ह, क्लीट्स म्हणजे खिळ्यांचे बूट, बॅटिंग ग्लव्हज, टोपी, मुलांसाठी कप (जांघेत मार लागू नये म्हणून आतून घालायचं कवच), पाण्याची बाटली, एखादा सरावाचा चेंडू. सगळं हॉलमध्ये चादरीवर मांडा. लीगचं पत्र नीट वाचा. लहान गटांत हेल्मेट आणि कॅचरचं (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं) सामान बऱ्याचदा टीमच्या सामाईक बॅगेत असतं. तुमच्या लीगमध्ये तसं असेल आणि तुम्ही स्वतःचं हेल्मेट घेणार नसाल, तर लहान बॅग पुरते. पण माझं ऐकाल तर हेल्मेट स्वतःचं घ्या. उवांची साथ आली की सामाईक हेल्मेटकडे बघवत नाही. त्यावर 'नॉक्सी'चा (NOCSAE, सुरक्षेच्या मानकाचा) शिक्का आहे ना, तेवढं बघा. तो नसेल तर अंपायर ते मैदानात चालू देणार नाहीत.

आता वजन. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स शाळेच्या दप्तराबद्दल सांगते की भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तोच हिशेब इथे लावा. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना २८ किलोचा होता. म्हणजे तीन किलोच्या आसपास असेल तर उत्तम, साडेपाचच्या वर तर अजिबात नको.

त्याची बॅट २८ इंची, 'ड्रॉप टेन' होती. हा शब्द दुकानात सारखा कानावर पडेल, म्हणून सांगते: लांबीच्या इंचांतून १० वजा केले की वजन औंसांत येतं. २८ वजा १० म्हणजे १८ औंस, साधारण ५१० ग्रॅम. हेल्मेट अर्धा किलो. ग्लव्ह जवळजवळ तेवढाच. बुटांचा जोड अर्ध्या किलोच्या आतबाहेर. रिकामी बॅग एक ते दीड किलो. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी त्याची पाण्याची जगसारखी बाटली काट्यावर ठेवली. अर्धा गॅलन पाणी म्हणजे १.९ किलो, बाटलीचं वजन वेगळं. बॅट, हेल्मेट आणि ग्लव्ह तिन्ही मिळून होत नाहीत तेवढं एकटं पाणी! आम्ही बॅगेला दोष देत होतो आणि पोरगं वाकत होतं पाण्याने. तेव्हापासून पाणी वेगळं, हातात. बॅगेच्या बाजूच्या जाळीत फक्त लहान बाटली, तीही डगआउटला, म्हणजे टीमच्या बाकापाशी, पोचल्यावर भरायची.

पायरी २: प्रकार ठरवा

लहान मुलांसाठी बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतील. पाठीवरची सॅक, खांद्यावरची लांबट डफल आणि चाकांची बॅग. चौथी म्हणजे दोरीची पातळ पिशवी. टी-बॉलच्या, म्हणजे उभ्या दांड्यावर ठेवलेला चेंडू मारणाऱ्या, चार-पाच वर्षांच्या बाळांना ती पुरते. त्यांच्याकडे असतं काय? एक ग्लव्ह आणि एक खाऊचा डबा. त्यांच्यासाठी पन्नास डॉलर घालवू नका. ते मूल मे महिन्यात मैदानात बसून डँडेलियन वेचत असेल आणि पुढच्या वर्षी म्हणेल, मला सॉकर खेळायचंय.

सहा-सात वर्षांपासून पुढे, कॅचर नसलेल्या मुलासाठी माझं उत्तर एकच: मध्यम आकाराची सॅक. दोन्ही खांद्यांवर वजन सारखं पडतं, हात मोकळे राहतात, आणि बॅटी बाजूच्या नळ्यांत उभ्या राहतात. आतल्या सामानाशी त्यांचा गुंता होत नाही.

डफल दिसते रुबाबदार. पण तिचा एकच पट्टा एका खांद्यावर येतो, ती चालताना गुडघ्यावर आपटते, आणि आत सगळी खिचडी. लहान मुलांना नकोच.

चाकांच्या बॅगेबद्दल जरा जास्त बोलते, कारण आमची दुसरी बॅग तीच होती आणि ती घ्यायचा हट्ट माझाच होता. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती इतकी लाडात घरंगळत आली की वाटलं, झालं, पोराच्या पाठीचा प्रश्न सुटला. पहिली मॅच एप्रिलमधली, आदल्या रात्री पाऊस. पार्किंगपासून मैदानापर्यंत आधी खडी, मग लाकडाच्या ढलप्या, मग ओलं गवत. खडीत चाकं अडली. ढलप्या चाकात जाऊन बसल्या. गवतात तर चाकं फिरेचनात, नुसती घसटत गेली आणि मागे दोन चर उमटले. पोरगं दोन्ही हातांनी दांडा धरून उलटं चालत बॅग ओढत होतं, नांगर धरल्यासारखं. शेवटी मीच उचलली. रिकामी असतानाच ती तीन किलोच्या वर होती. डगआउटमध्ये बाकाखाली ती बसेना, आणि आडवी टाकली तर सगळ्यांच्या पायात. सिमेंटचे रस्ते असलेल्या मोठ्या स्पर्धासंकुलात तिचा उपयोग होईल. गावातल्या पार्कात नाही.

पायरी ३: हुक बघा

बॅगेच्या जाहिरातीत हे अगदी शेवटी लिहिलेलं असतं. मी मात्र दुकानात सगळ्यात आधी हेच बघते.

अमेरिकेतल्या पार्कात डगआउट म्हणजे तारेच्या जाळीच्या कुंपणामागे एक लांब बाक. खाली लाल माती, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि सांडलेलं गेटोरेड. त्यात बारा-तेरा मुलं. बॅगा खाली ठेवल्या तर कुणाचे खिळ्यांचे बूट त्यांच्यावरून जाणार हे नक्की. म्हणून बॅगेला वरच्या बाजूला एक किंवा दोन आकडे असतात. ते कुंपणाच्या तारेत अडकवायचे आणि बॅग मुलाच्या छातीच्या उंचीवर लटकवायची. बालवाडीत दप्तरांच्या खुंट्या असतात ना, तसं दिसतं.

हुकची परीक्षा अशी करा. एक, तो धातूचा आहे की नुसत्या प्लॅस्टिकचा? पातळ प्लॅस्टिकचा हुक भरलेल्या बॅगेने हळूहळू वाकतो आणि एके दिवशी ऐन मॅचमध्ये सरकतो. दोन, तो बॅगेला कुठे शिवलाय? नुसत्या कापडाला टाके घातलेले असतील तर ते उसवणार. रुंद पट्टीवर, चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर टिकेल. तीन, आणि हे कुणी सांगत नाही: रिकामी बॅग कशालाही लटकते. दुकानात विचारून तिच्यात सामान घाला, मग स्टँडला लटकवा आणि मुख्य चेन उघडा. काही बॅगा लटकवल्यावर पुढे झुकतात, चेन उघडताच हेल्मेट बाहेर घरंगळतं. चांगली बॅग सरळ राहते आणि तोंड वर ठेवून उघडते.

मुलाचा हात त्या उंचीवर आतपर्यंत पोचतो का, हेही तेव्हाच कळतं. आमच्या एका मैत्रिणीच्या लेकीची बॅग होती सुंदर जांभळी, पण मुख्य कप्पा वरून उघडणारा. बाबांनी ती कुंपणाला आपल्या उंचीने अडकवली. पूर्ण मॅचभर बिचारी बाकावर चढून ग्लव्ह काढत होती. पुढून, इंग्रजी 'यू'च्या आकारात उघडणारी चेन लहान मुलांना सोपी जाते.

आणखी एक नियम इथे जोडून सांगते. लिटल लीगच्या टी-बॉल, मायनर्स आणि मेजर्स गटांत, म्हणजे साधारण बारा वर्षांपर्यंत, 'ऑन-डेक' प्रकार नसतो. टीव्हीवर पुढचा खेळाडू मैदानाच्या कडेला बॅट फिरवत उभा दिसतो, तसं लहान मुलांना करता येत नाही. आपली पाळी येईपर्यंत बॅट हातात घ्यायची नाही. म्हणजे बॅट बॅगेच्या नळीत राहणार आणि नाव पुकारल्यावर ओढून काढायची. नळी इतकी घट्ट नको की दोन हात लागतील, इतकी सैलही नको की वाकल्यावर बॅट घसरून शेजारच्याच्या पायावर पडेल.

पायरी ४: दुकानात, प्रत्यक्ष बॅट घालून

नळीचा विषय निघालाच आहे तर मापाची भानगड समजून घ्या. २०१७ संपेपर्यंत लिटल लीगच्या मेजर्स आणि खालच्या गटांत बॅटचा जाड भाग जास्तीत जास्त २ १/४ इंच, म्हणजे सव्वादोन असायचा. १ जानेवारी २०१८ पासून 'यूएसए बेसबॉल' शिक्क्याच्या बॅटींचा नियम आला आणि ही मर्यादा २ ५/८ इंचांवर गेली. ट्रॅव्हल टीमवाली, म्हणजे गावोगावी स्पर्धा खेळणारी मुलं वापरतात त्या 'यू-ट्रिप' (USSSA शिक्क्याच्या) बॅटी तर २ ३/४, पावणेतीन इंचांपर्यंत जाड असतात. त्यामुळे कुणी प्रेमाने दिलेल्या जुन्या बॅगेची नळी आजच्या बॅटला अडू शकते. माप विचारत बसू नका, बॅट घेऊन जा आणि घालून बघा. दोन नळ्या पुरतात. चार नळ्यांची बॅग घेतली की मूल म्हणतं, मग अजून बॅटी कुठायत?

हेल्मेटही सोबत न्या. तोंडासमोर जाळी असलेलं हेल्मेट असेल तर ते फारच जागा खातं. हेल्मेट आधी आत जाऊ दे, मग त्याच्या शेजारी ग्लव्ह न चुरडता बसतो का ते बघा. ग्लव्हचा चामड्याचा खिसा महिनाभर खपून तयार करायचा आणि मग रोज हेल्मेटखाली दाबून चपटा करायचा, यात काय अर्थ? हेल्मेट बाहेर अडकवायची सोय असलेल्या बॅगा मिळतात. सोय बरी आहे, फक्त शाळेच्या बसमध्ये किंवा पावसात ते बाहेर लोंबकळतं.

मग भरलेली बॅग मुलाच्या पाठीवर. पट्टे घट्ट करा. बॅगेचा तळ कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त उतरत असेल तर ती मोठी आहे, 'वाढत्या अंगाची' म्हणून घेऊ नका. गणवेश दोन मापं मोठा घ्यायची आपली सवय इथे नडते. मुलाला दुकानात एक चक्कर मारायला सांगा, मग जिना असेल तर जिना. बॅटीची टोकं डोक्याच्या मागे आपटतात का, वळताना रॅकवरचं काही पाडतंय का, हे दोन मिनिटांत दिसतं. खांद्याच्या पट्ट्यांना गादी हवी. छातीवरची आडवी पट्टी मिळाली तर छानच, त्याने पट्टे लहान खांद्यांवरून घसरत नाहीत.

आता खरी परीक्षा. मुलाला सांगा, डोळे मिट आणि ग्लव्ह काढ. आता बॅटिंग ग्लव्हज. आता टोपी. आम्ही हे केलं तेव्हा दुकानातला मुलगा बघत राहिला आणि मग म्हणाला, हे मीही पुढच्या गिऱ्हाइकाला करायला लावीन. ज्या बॅगेला सतरा कप्पे असतात तिच्यात पोरगं हमखास हरवतं. मला विचाराल तर चार पुरे: मोठा मुख्य कप्पा, बुटांचा वेगळा, बॅटिंग ग्लव्हजचा बाहेरचा छोटा, आणि आतला एक चेनवाला, ज्यात इनहेलर किंवा एपिपेन (ॲलर्जीचं तातडीचं इंजेक्शन) लागत असेल तर ते. ही शेवटची वस्तू असेल तर कप्प्याची जागा कोचला दाखवून ठेवा. तसंच इनहेलर आणि एपिपेन उन्हात तापलेल्या गाडीत राहू देऊ नका, मॅच संपली की घरात आणा.

पायरी ५: चेन, शिवण, तळ

चेन हे बॅगेचं आयुष्य. कापड फाटायच्या आधी चेन जाते, कारण मैदानावरची बारीक लाल माती तिच्या दातांत भरते. चेन जाड दातांची हवी, ओढायची पट्टी मोठी हवी. एप्रिलच्या थंडीत गारठलेल्या बोटांना बारीक पट्टी सापडत नाही. मुख्य चेनवर 'वायकेके' (YKK, चेन बनवणारी जपानी कंपनी) दिसलं तर मी मनातल्या मनात एक मार्क वाढवते. घट्ट झालेल्या चेनवर मेणबत्ती घासायची. आई शाळेच्या दप्तराला करायची तोच उपाय, इथेही चालतो.

लेबलवर ६००डी असं काही लिहिलेलं असेल. डी म्हणजे डेनिअर: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनिअर. आकडा मोठा तर धागा जाड. मुलांच्या बॅगेला ६०० पुरतो. तळ मात्र वेगळ्या, रबरी किंवा ताडपत्रीसारख्या कापडाचा असेल तर फार बरं, कारण हुक असूनही बॅग कधी ना कधी चिखलात बसतेच. बुटांच्या कप्प्याला हवा जायला जाळी किंवा धातूची भोकं हवीत. नसतील तर जूनमध्ये गाडीची काच उघडी ठेवून यावं लागतं.

कॅचर असेल तर

इथे वरचे काही नियम बदलतात. छातीचं कवच, दोन्ही पायांचे लेग गार्ड, जाळीचं हेल्मेट, कॅचरचा जाड ग्लव्ह असं सगळं स्वतःचं असेल तर सॅकेत बसत नाही, आणि मुलाच्या पाठीवर ते घालूही नये. अशा वेळी चाकांची बॅग खरंच उपयोगाची. मोठी, रुंद चाकं बघा. सूटकेसची छोटी नको. आमच्या मुलाने अकराव्या वर्षी कॅचरचं खूळ घेतलं तेव्हा आम्ही वेगळाच मार्ग काढला. त्याची सॅक तीच ठेवली आणि कॅचरच्या सामानाला एक साधी जाळीची मोठी पिशवी घेतली. ती मी उचलते, तो सॅक. जाळीमुळे घामट सामान वाळतं, आणि सामान अंगावर चढवायची घाई असते तेव्हा बाहेरूनच दिसतं की डावा लेग गार्ड कुठे आहे.

ट्रॅव्हल टीमबरोबर विमानाने जाणार असाल तर दोन गोष्टी. बेसबॉल बॅट केबिनमध्ये नेता येत नाही, ती चेक-इनमध्येच द्यावी लागते. आणि अमेरिकेतल्या बहुतेक विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून ६२ इंच आणि वजन ५० पौंड धरतात. चाकांच्या लांब बॅगा या मापाच्या कडेवर असतात. टेप लावून बघा.

पैसे आणि जुनी बॅग

टी-बॉलची लहान सॅक वीस-तीस डॉलरला मिळते. सात ते बारा वर्षांसाठी चांगली सॅक चाळीस ते साठमध्ये. त्याच्या वरचे पैसे बहुतेक नावाचे आणि रंगाचे. रॉलिंग्ज, ईस्टन, लुईव्हिल स्लगर, फ्रँकलिन, डीमरिनी, सगळ्यांच्या लहान मुलांच्या बॅगा एकमेकींच्या आतेबहिणी-मामेबहिणी आहेत. मी नावापेक्षा हुक आणि चेन बघते. चाकांच्या बॅगा याहून महाग पडतात.

वापरलेली बॅग घ्यायला काहीच हरकत नाही. 'प्ले इट अगेन स्पोर्ट्स'सारख्या जुन्या सामानाच्या दुकानात जा, किंवा गावच्या पालकांच्या गटावर विचारा. ऑगस्टमध्ये, सीझन संपल्यावर, बॅगा स्वस्तात निघतात. जुनी घेताना नाक वापरा. कुबट वास आतल्या फोममध्ये मुरला असेल तर तो जात नाही, मी व्हिनेगरपासून बेकिंग सोड्यापर्यंत सगळं करून बघितलंय. जुन्या बॅगेबरोबर फुकट हेल्मेट मिळत असेल तर मात्र तडा आहे का, आतलं अस्तर सुटलंय का ते बघा आणि शंका असेल तर नम्रपणे नको म्हणा.

आणि टीम सगळ्यांसाठी एकसारख्या बॅगा मागवणार आहे का, हे पैसे खर्च करायच्या आधी मॅनेजरना विचारा. आमच्या शेजाऱ्यांनी सत्तर डॉलरची बॅग घेतली आणि दोन आठवड्यांनी टीमची सक्तीची बॅग आली.

ओळखीची खूण

टीमच्या सगळ्या बॅगा सारख्या आणि काळ्या. एकदा घरी येऊन बॅग उघडली तर आत दुसऱ्याच मुलाचे बूट आणि अर्धवट खाल्लेला पीनट बटर सँडविच. तासाभराने दोन घरांच्या मधल्या पेट्रोल पंपावर बॅगांची अदलाबदल झाली. मी दुसऱ्याच दिवशी हँडलला जुन्या बांधणीच्या ओढणीची लाल पट्टी बांधली. मुलगा म्हणाला, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग." मग तहात ठरलं: बाहेर जर्सीचा नंबर, पट्टी आतल्या हँडलला. पूर्ण नाव बाहेर भरतकाम करून घेऊ नका असं मी सगळ्यांनाच सांगते. अनोळखी माणसाला पोराचं नाव दुरून वाचता कशाला यायला हवं? नाव आणि आपला फोन नंबर आतल्या बाजूला, मार्करने.

घरी आल्यावर

बॅग गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका, कितीही दमलात तरी. उन्हाळ्यात डिकीत चामड्याचा ग्लव्ह वाळून कडक होतो. मार्चच्या थंडीत कॉम्पोझिट (कार्बन तंतूंची) बॅट रात्रभर तिथे गारठवून सकाळी तिच्याने चेंडू मारणं बॅटला सोसत नाही. गार बॅटला तडे जातात. ग्लव्ह ठेवताना खिशात एक चेंडू ठेवा, आकार टिकतो.

बूट ओले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे. पावसाळ्यात आपल्या शाळेच्या बुटांचं हेच करायचे ना घरी! लाल माती ओली असताना पुसू नका, पसरते. वाळू द्या, मग बॅग उलटी करून अंगणात झटका. वॉशिंग मशीनमध्ये बॅग टाकू नका. आतला फोम गोळा होतो आणि ड्रायरमध्ये प्लॅस्टिक वाकतं. कोमट पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश, आणि सावलीत उलटी टांगून वाळवणं.

हे सगळं तुम्ही करू नका, मुलाला करायला लावा. आमच्या गॅरेजच्या दारावर एक कागद चिकटवलाय: बॅट, हेल्मेट, ग्लव्ह, टोपी, बूट, कप, पाणी. मॅचच्या आदल्या रात्री तो एकेक वस्तू मोठ्याने म्हणत बॅगेत भरतो. मागच्या महिन्यात धाकटीने त्या यादीत खाली पेन्सिलने आठवी ओळ लिहिली, 'थालीपीठ बाहेर काढणे'. त्याआधी आठवडाभर आम्ही सगळे तो वास बुटांचा समजत होतो.